रंग कुणावर गेलाय?

मंडळी, फार दिवसांनी लिहिते आहे, पण कारण गोड आहे. गेल्या महिन्यात मी आजी झाले! नातू झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप, बाळाचं वजन सव्वासात पौंड, जावळ भरपूर, आवाज खणखणीत. ही सगळी माहिती मी फोटोसकट घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली आणि पाच मिनिटांत साताऱ्याहून मावशीचा फोन.

"अभिनंदन गं बाई! डोळे अगदी तुझेच घेतलेत हो. आणि काय गं, रंग कुणावर गेलाय? फोटोत नीट कळत नाहीये."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, माझा जावई आफ्रिकन अमेरिकन आहे. मावशीला ते माहीत आहे, तिने लग्नात त्याला औक्षण केलंय. तिच्या मनात काही वाईट नसणार याची मला खात्री आहे. हाच प्रश्न तिने माझी लेक झाली तेव्हा विचारला होता आणि माझ्या जन्माच्या वेळी माझ्या आजीने सुइणीला विचारला होता. आमच्या घरात मुलगा की मुलगी याच्या खालोखाल हाच प्रश्न. तरी या वेळी तो मला लागला. "अगं, आत्ता काय कळणार, सगळी बाळं लालबुंदच असतात," असं काहीतरी बोलून मी फोन ठेवला. उत्तर द्यायचं टाळलं. मग रात्री झोप येईना तेव्हा कळलं की प्रश्नापेक्षा ते टाळणंच जास्त टोचतंय. तर हे त्या टाळलेल्या उत्तराबद्दल. मावशी, तूही वाचत असशीलच.

इथे बाळ झालं की जन्माच्या दाखल्यासाठी हॉस्पिटलात एक लांबलचक फॉर्म भरून घेतात. त्यात आईचा वंश कोणता, वडिलांचा कोणता, असे प्रश्न असतात. लेकीने स्वतःसाठी 'एशियन इंडियन'वर खूण केली, जावयाने 'ब्लॅक ऑर आफ्रिकन अमेरिकन'वर. मी चष्मा लावून बाळाची चौकट शोधत होते. ती नव्हतीच! बाळाचा वंश कुणी विचारलाच नव्हता. लेक म्हणाली, "आई, त्याचं तो ठरवेल मोठा झाला की."

मी पडले ग्रंथालयात नोकरी केलेली बाई. घरी आल्यावर मी जुन्या जनगणनांचे फॉर्म काढून बसले. हे बाळ पूर्वी जन्मलं असतं तर कुठल्या रकान्यात गेलं असतं, ते बघायला.

अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते. पहिल्या गणनेत माणसांचे प्रकार मोजकेच होते: स्वतंत्र गोरे पुरुष, स्वतंत्र गोऱ्या बायका, इतर स्वतंत्र माणसं आणि गुलाम. १८५० मध्ये 'मुलाटो' आला, म्हणजे काळ्या-गोऱ्यांची मिश्र संतती. १८९० मध्ये तर कहर झाला. आजी-आजोबांपैकी एक काळं असेल तर 'क्वाड्रून', पणजी-पणजोबांपैकी एक असेल तर 'ऑक्टोरून'. आपल्याकडे आंब्याच्या कलमाचं मूळसुद्धा कुणी इतकं मोजून सांगत नाही! ते दोन शब्द पुढच्या गणनेत गेले, १९३० मध्ये 'मुलाटो'ही गेला आणि नियम सोपा झाला. काळ्या रक्ताचा अंश कितीही थोडा असो, माणूस 'नीग्रो'. आणि हे ठरवणार कोण? दारात आलेला गणना करणारा माणूस. लोकांनी स्वतःच खूण करायची पद्धत १९६० पासून सुरू झाली.

हे झालं बाळाच्या बाबांकडचं. आता आपल्याकडचं बघा. १९२०, १९३० आणि १९४० या तीन गणनांमध्ये आपला रकाना होता 'हिंदू'. धर्म म्हणून नव्हे बरं का, वंश म्हणून! तेव्हा इथे आलेल्या हिंदुस्थानी लोकांत बहुसंख्य पंजाबातले शीख, काही मुसलमान. सगळे हिंदू. १९५० आणि १९६० ला आपण 'इतर' झालो. आणि १९७० ला? गोरे! अगदी सरकारी कागदोपत्री गोरे. मावशी, त्या वर्षी तू इथे असतीस तर 'व्हाइट'मध्ये मोजली गेली असतीस, आणि तात्यांना तुझ्या लग्नासाठी तेवढी वणवण करावी लागली नसती. मग इथल्याच भारतीयांच्या एका संघटनेने, असोसिएशन ऑफ इंडियन्स इन अमेरिका तिचं नाव, मागणी लावून धरली की आम्हाला गोऱ्यांत मोजू नका, आम्हालाही भेदभाव सोसावा लागतो. १९८० पासून आपण 'एशियन इंडियन' झालो, ते आजतागायत.

म्हणजे चेहरा तोच, गाव तेच, आणि साठ वर्षांत चार वंश पालटले. यात विज्ञान किती आणि सोय किती, तुम्हीच ठरवा.

आमचं बाळ १९३० साली जन्मलं असतं तर मुकाट 'नीग्रो' झालं असतं. दोन बिनगोऱ्या वंशांचं मूल असेल तर बहुधा बापाचा वंश लावत. एकापेक्षा जास्त चौकटींत खूण करायची मुभा २००० च्या गणनेपासून मिळाली. मुभा असूनही २०१० मध्ये ओबामांनी एकाच चौकटीत खूण केली. त्यांची आई गोरी होती. त्या चौकटीवर तेव्हा लिहिलेलं होतं: 'ब्लॅक, आफ्रिकन अमेरिकन, ऑर नीग्रो'. होय, २०१० मध्येसुद्धा तो शब्द फॉर्मवर होता. तो काढायचं जाहीर झालं २०१३ मध्ये, आणि जुन्या कायद्यांमधून 'नीग्रो' आणि 'ओरिएंटल' हे दोन्ही शब्द खोडणारा कायदा झाला २०१६ मध्ये.

चौकटीवरून माणसाचं काय काय ठरत असे, याची एक गोष्ट सांगते. भगतसिंग थिंड नावाचे एक पंजाबी शीख गृहस्थ होते. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्यात होते. तेव्हा नागरिकत्व मिळायचं ते गोऱ्यांना किंवा आफ्रिकन वंशाच्या लोकांना. थिंड यांनी कोर्टात सांगितलं की मी उच्चवर्णीय, आर्य, म्हणजे मीही कॉकेशियन, म्हणजे गोराच. त्यांच्या बाजूने असाही मुद्दा मांडला गेला की लग्नाचा प्रश्न आला की गोरा अमेरिकन नीग्रोकडे ज्या नजरेने बघतो, त्याच नजरेने उच्चवर्णीय हिंदू आपल्याकडच्या आदिवासींकडे बघतो. म्हणजे मला गोरा म्हणा, कारण मीसुद्धा तुमच्याइतकाच दुसऱ्याला खाली लेखतो! १९२३ साली सुप्रीम कोर्टाने हे सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की पुस्तकी व्याख्या काही असो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तुम्ही बसत नाही. त्या निकालानंतर ज्या हिंदुस्थानी लोकांना आधी नागरिकत्व मिळालं होतं, त्यांच्यातल्याही अनेकांचं काढून घेतलं गेलं.

त्याआधी, १९१० मध्ये, मुंबईचे कापसाचे एक पारशी व्यापारी भिकाजी बलसारा इथे कोर्टात जिंकले होते. पारशी मूळचे इराणचे, हिंदूंहून वेगळे, म्हणून गोरे! एकाच मुंबईच्या बोटीतून उतरलेल्या दोघांपैकी एक गोरा आणि एक नाही, असं होऊ शकत होतं.

थिंड यांचा तो लग्नाचा मुद्दा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हसले होते. या वेळी हसू आलं नाही. कारण 'गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी' हे वर्णन करतच माझंही लग्न जमलेलं. माझ्या पत्रिकेबरोबरच्या कागदावर वडिलांनी 'गहूवर्णी' लिहिलं होतं. मी सावळी आहे. आधी त्यांनी 'सावळी' लिहून खोडलं होतं, ती खोडाखोड मी पाहिलेली आहे.

खोडाखोडीवरून मला आमच्या ग्रंथालयातल्या बाई आठवल्या. खरं तर हा लेख त्यांच्याबद्दलच लिहायचा होता, पण माझी गाडी नेहमीप्रमाणे फिरून फिरून स्टेशनात आली.

१९९९ मध्ये मी इथल्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात अर्धवेळ लागले, तेव्हा पुस्तकांची सूची करणाऱ्या विभागात या बाई होत्या. जन्म १९३४ चा, साउथ कॅरोलायनातल्या खेड्यातला. उंच, ताठ, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. मला काम त्यांनी शिकवलं. नाव सांगत नाही. घरी आम्ही त्यांना 'लायब्ररीतल्या बाई'च म्हणायचो.

ग्रंथालयाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. प्रत्येक पुस्तकाचा विषय सूचीत ठरलेल्या शब्दांतच लिहायचा असतो. हे शब्द वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ठरतात आणि देशभर तेच वापरतात. काळ्या अमेरिकनांवरच्या पुस्तकांचा विषय कित्येक वर्षं 'नीग्रोज' असा लिहिला जायचा. सत्तरच्या दशकात तो 'आफ्रो-अमेरिकन्स' झाला आणि २००० च्या सुमारास 'आफ्रिकन अमेरिकन्स'. आता संगणकावर असे बदल पटकन होतात. सत्तरच्या दशकात मात्र लाकडी खणांमध्ये कार्डं असायची, हजारो. एकेक कार्ड बाहेर काढायचं, विजेवर चालणाऱ्या खोडरबराने वरची ओळ खोडायची आणि टाइपरायटरवर चढवून नवा शब्द टाइप करायचा. आमच्या ग्रंथालयात हे काम बाईंनी केलं. एकटीने, जवळजवळ एक हिवाळाभर.

"स्वतःलाच खोडून पुन्हा टाइप करत होते मी," असं म्हणून त्या खो खो हसायच्या. त्यातलं एक जुनं, न खोडलेलं कार्ड त्यांनी आठवण म्हणून ठेवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत एकदा त्यांनी ते मला दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी घरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला. त्यात त्यांचे कागद. जन्माच्या दाखल्यावर 'कलर्ड'. शाळेच्या कागदावर 'नीग्रो'. सत्तरच्या दशकातल्या कुठल्याशा सभेच्या पत्रकावर त्यांचा फोटो आणि खाली 'ब्लॅक'. त्यात भर पडली ती २००५ मध्ये, निवृत्तीच्या समारंभात गावाने दिलेल्या मानपत्राची. त्यावर 'आफ्रिकन अमेरिकन'.

मला वाटलं होतं की प्रत्येक नवा शब्द आला की सगळे आनंदाने जुना टाकत असतील. तसं नव्हतं. बाई सांगायच्या की त्यांच्या वडिलांच्या पिढीत 'ब्लॅक' म्हणजे शिवी. कुणी म्हटलं तर मारामारी व्हायची. 'नीग्रो' हा त्यांचा आदराचा शब्द, आणि तोही भांडून मिळवलेला. वर्तमानपत्रं तो लहान अक्षराने छापत. मोठ्या 'एन'साठी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांच्यासारख्या माणसांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा कुठे १९३० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने मोठं अक्षर वापरायला सुरुवात केली. आणि १९६८ मध्ये बाईंचा धाकटा भाऊ केस वाढवून आला आणि जेवणाच्या टेबलावर म्हणाला, "आय अ‍ॅम ब्लॅक." वडील ताटावरून उठून गेले. जो शब्द अंगावर येऊ नये म्हणून त्यांनी आयुष्यभर दात-ओठ खाल्ले, तोच मुलगा आपण होऊन अंगावर घेत होता. पुढे १९८८ च्या शेवटी जेसी जॅक्सन यांनी 'आफ्रिकन अमेरिकन' म्हणा असं आवाहन केलं, तेव्हा कुरकुर करायची पाळी त्या भावाची होती!

मी एकदा न राहवून विचारलं, "बाई, या सगळ्यांत तुम्हाला कुठला आवडतो?"

त्या म्हणाल्या, "मिसेस."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांची आई गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक करायची. त्या घरातली सहा वर्षांची पोरं तिला नुसत्या नावाने हाक मारायची, आणि ती त्या पोरांना 'मिस' आणि 'मिस्टर' लावायची. दक्षिणेत काळ्या बाईला 'मिसेस' किंवा 'मिस' म्हणायचंच नाही, अशी रीतच होती. दुकानात, बँकेत, कोर्टातसुद्धा. १९६३ मध्ये अलाबामातल्या एका कोर्टात मेरी हॅमिल्टन नावाच्या तरुणीला वकिलाने नुसतं 'मेरी' म्हटलं. ती म्हणाली, मला 'मिस हॅमिल्टन' म्हटल्याशिवाय उत्तर देणार नाही. न्यायाधीशाने तिला कोर्टाच्या अवमानाबद्दल तुरुंगवास आणि दंड ठोठावला. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९६४ मध्ये ती जिंकली. "मिस म्हणवून घ्यायला सुप्रीम कोर्ट लागलं," बाई म्हणाल्या, "बाकीचे शब्द काय, पाहुण्यासारखे येतात आणि जातात."

डू बॉइस यांनी १९२८ मध्ये साधारण हेच म्हटलं होतं. शाळेत शिकणाऱ्या एका मुलाने त्यांच्या 'क्रायसिस' मासिकाला तक्रार लिहिली की तुम्हीच आम्हाला 'नीग्रो' का म्हणता? त्यांनी उत्तर दिलं, त्याचा आशय असा की ज्याला तुमचा तिरस्कार करायचाय तो नाव बदलल्याने थांबणार नाही. आणि तरी हेच डू बॉइस एका मोठ्या 'एन'साठी झगडत होते! दोन्ही गोष्टी खऱ्या असणार. नाव बदलून मान मिळतोच असं नाही. पण मान मिळत नाही म्हणूनच माणसं नवं नाव मागतात. मग काही वर्षांनी त्या नव्या नावालाही जुन्याच नजरेची काजळी धरते, आणि पुन्हा नवं.

आता माझ्या घराची गोष्ट. २००४ च्या उन्हाळ्यात माझी आई इथे आली होती. बाईंना मी जेवायला बोलावलं. पुरणपोळी, कटाची आमटी, सगळं साग्रसंगीत. बाईंनी तुपाची धार स्वतःच्या हाताने धरली. आई खूश. आणि भर पंगतीत मला म्हणते, "ही काळी बाई किती गोड बोलते गं!"

माझी लेक तेव्हा सात वर्षांची. दुभाषा व्हायची हौस. मी काही म्हणायच्या आत तिने इंग्रजीत सांगूनही टाकलं, "आजी म्हणतेय, ब्लॅक लेडी गोड बोलते."

माझा घास घशात अडकला. बाई मात्र हसल्या आणि म्हणाल्या, "थँक यू म्हण तिला." भाषांतराने वाचवलं, मंडळी! २००४ मध्ये 'ब्लॅक' हा शब्द चालत होता म्हणून. पन्नास वर्षांपूर्वी हेच भाषांतर बाईंच्या वडिलांपुढे झालं असतं तर ताट तिथेच राहिलं असतं. आणि आईच्या 'काळी'त आणि बाईंच्या भावाच्या 'ब्लॅक'मध्ये जमीन-अस्मानाचं अंतर होतं, ते माझ्याशिवाय कुणाला कळलं नाही. त्याने तो शब्द छाती पुढे काढून उच्चारला होता. आईने तो पत्रिकेबरोबरच्या कागदावरचा काढला होता.

भांडी आवरताना बाईंनी सहज विचारलं, "तुमच्या भाषेत आम्हाला काय म्हणतात?"

मी म्हटलं, "तसा काही शब्द नाही." साफ खोटं. तेव्हा आम्हा इथल्या मराठी मंडळींत एकमेकांत काय काय शब्द चालायचे, ते इथे लिहायचीही लाज वाटते. कुणाला कळणार नाही या भरवशावर भर दुकानात बोललेले. इंग्रजीत आम्ही सगळे 'आफ्रिकन अमेरिकन' म्हणायचो, अगदी काळजीपूर्वक. मराठीत मात्र कुणी हटकणारं नव्हतं.

पण ते उत्तर मनात राहिलं, आणि मी पुढे बरंच वाचलं. मराठीत शब्द आहे. एक नाही, दोन. हबशी, म्हणजे हबश देशाचा, आजच्या इथिओपियाकडचा. आणि सिद्दी. हा अरबी 'सय्यिदी'वरून, म्हणजे 'माझे धनी' यावरून आला असं मानतात. आणि मलिक अंबर! शाळेत नुसतं नाव पाठ केलं होतं. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनेत पोचलेला, आणि पुढे निजामशाहीचा कारभार हाती घेऊन मोगलांना वर्षानुवर्षं जेरीला आणणारा. १६१० मध्ये खडकी शहर त्यानेच वसवलं, तेच पुढे औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर. माणसांचीच काय, शहरांचीही नावं बदलतात! १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, "गुलाम होता आणि राज्य चालवलं?" मग आमच्या ग्रंथालयासाठी त्यांनी त्याच्यावरचं पुस्तक मागवलं आणि त्याची नोंद स्वतः केली. विषय काय लावायचा यावर आम्ही दोघींनी एक अख्खी दुपार घालवली.

एक मात्र मी त्यांना सांगितलं नाही. आमच्या घरी 'हबशी' हा शब्द मलिक अंबरसाठी नव्हे, तर काळ्या, दांडगट पोराला चिडवायला वापरत.

आणि अजून एक गोष्ट आहे, ती तर त्याहून जवळची. आजोळच्या गावी, ओढ्यापलीकडच्या वस्तीतून एक म्हातारे गृहस्थ लाकडं फोडायला यायचे. आजोबांपेक्षा वयाने मोठे. आम्ही पोरंटोरं त्यांना नावाने, अरे-तुरे करून हाक मारायचो. ते आम्हाला 'ताईसाहेब' म्हणायचे. मी तेव्हा सहा वर्षांची असेन. बाईंच्या आईची गोष्ट ऐकताना माझ्या डोळ्यासमोर तेच आले, अंगणाच्या कडेला उभे.

माझे वडील सुधारक. ते कधीही जातीचं नाव घ्यायचे नाहीत, 'हरिजन' म्हणायचे आणि त्यात त्यांना अभिमान होता. नववीत माझ्या वर्गातल्या मैत्रिणीसमोर मीही मोठ्या ऐटीत तो शब्द वापरला. ती शांतपणे म्हणाली, "आम्ही बौद्ध आहोत. हरिजन नाही म्हणायचं." तिच्या आजोबांनी १९५६ मध्ये नागपूरला दीक्षा घेतली होती. मला रागच आला, चांगला शब्द वापरूनही ही अशी बोलते म्हणून! चांगला कुणी ठरवला, हे विचारायचं मला सुचलं नाही. १९८२ मध्ये केंद्र सरकारनेही जातीच्या दाखल्यांवर तो शब्द लिहू नका असं राज्यांना कळवलं.

जात आणि वंश एक नव्हेत, हे मला माहीत आहे. पण या दोन गोष्टींची आपल्याकडे जुनी ओळख आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्यांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. बाईंचा भाऊ 'ब्लॅक' म्हणत होता जवळपास त्याच काळात आपल्याकडे तरुण पोरं 'दलित' म्हणत होती, आणि दोघांचंही म्हणणं एकच होतं की आमचं नाव आम्ही ठेवू. २०१८ मध्ये केंद्र सरकारने वृत्तवाहिन्यांना 'दलित'ऐवजी 'अनुसूचित जाती' म्हणा असा सल्ला दिला, तेव्हा अनेकांनी विरोध केला तो याचसाठी.

बाई २०१२ मध्ये गेल्या. त्यांचा तो पत्र्याचा डबा त्यांच्या नातीकडे आहे. मार्च २०२४ मध्ये इथल्या सरकारने वंशाच्या चौकटींचे नियम पुन्हा बदलले, मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेतल्या लोकांसाठी नवी चौकट आणली. ते लोक तोवर 'व्हाइट'मध्ये होते! बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, आणा तो खोडरबर.

असो. तर मावशी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. रंग सावळा आहे, छान तुकतुकीत. आपल्या घरात हा रंग तीन पिढ्या आहे, आपण तो कागदावर खोडत आलो इतकंच. या पोराच्या बाबतीत खोडायचा नाही. आणि त्याला 'काळुबाळू' वगैरे लाडाने म्हणणार असशील तर जरा थांब. तुझ्या तोंडी तो लाड असेल, पण त्याच्या बापाच्या घरात त्या शब्दाचा इतिहास वेगळा आहे, आणि हे पोर दोन्ही घरांत वाढणार आहे. मोठं झालं की ते सांगेल आपल्याला त्याला काय म्हणायचं ते. तेव्हा रागवायचं नाही, मी नववीत रागावले होते तसं.

काल आईला व्हिडिओ कॉल लावला. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून बोलते. बाळ बघून झालं, नाकावरून वाद झाले, आणि मग जावई पडद्यावर आला. आईने झटकन पदर सारखा केला आणि म्हणाली, "अहो जावईबापू, जेवलात का? जागरणं होत असतील तुमची. तब्येतीला जपा हो."

त्याला एवढंच मराठी येतं, पण ते चोख येतं. "हो आजी, जेवलो. तुम्ही जेवलात?"

आईच्या तोंडी त्या एका 'अहो'त बाईंची 'मिसेस' मला ऐकू आली. लाकडं फोडणाऱ्या त्या आजोबांना मात्र आमच्याकडून ती कधीच मिळाली नाही. त्यांचं आडनावसुद्धा मला माहीत नाही. गावाकडे अजून जाणं-येणं असलेल्यांपैकी कुणाला ठाऊक असेल तर कळवा.